दहा दिवसांची वाट

तेर गावात तेरणेच्या काठाने पांढरीची टेकाडं आहेत. पहिला मोठा पाऊस पडून गेला की वरची माती वाहून जाते आणि खालची खापरं उघडी पडतात. कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा, कधी काचेचा मणी, कधी मातीच्या बाहुलीचं नुसतं डोकं. मी एक खापर उचललं, बोटाने पुसलं आणि जिथलं तिथे ठेवून दिलं. संत गोरा कुंभारांच्या, म्हणजे गोरोबाकाकांच्या, गावात मातीला हात लावताना मन आपोआप हळुवार होतं. त्यांनी इथेच विठ्ठलाच्या नादात चिखल तुडवला. त्यांच्याही हजारेक वर्षं आधी इथला कुणी कुंभार दोन साच्यांत माती दाबून, दोन्ही अर्ध्या जुळवून, पोकळ मूर्ती काढत होता. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. त्याने केलेली मूर्ती मात्र अजून हसते आहे.

गावातले रामलिंगप्पा लामतुरे अशा वस्तू वर्षानुवर्षं गोळा करत राहिले. इतरांना जे शेतातलं खापर वाटलं, त्याला त्यांनी घरात जागा दिली. त्यांच्या संग्रहातूनच तेरचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत वस्तू दुरून येतात, परक्या उजेडात उभ्या राहतात. इथल्या वस्तूंनी गावच सोडलेलं नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की त्या ज्या मातीतून निघाल्या तीच माती पायाला लागते.

या वस्तूंमध्ये एक हस्तिदंती बाई आहे. सातवाहन काळातली, वितीपेक्षाही लहान, अंगभर दागिने ल्यालेली. दोन हजार वर्षं मातीत राहून हस्तिदंताला जुन्या तुपासारखा रंग येतो, तसा तिला आला आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते, कारण तिची बहीण मला आठवत होती.

ती बहीण इटलीत, नेपल्सला आहे. इ.स. 79मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई राखेखाली गाडलं गेलं. त्या राखेतून 1938मध्ये, एका घराच्या उत्खननात, सुमारे 25 सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्री निघाली. हातांत बांगड्यांची चळत, पायांत जड वाळे, कमरेला मेखला, दोन बाजूंना प्रसाधनाची भांडी घेऊन उभ्या असलेल्या दोन दासी. ज्या घरात ती मिळाली त्याला आता ‘भारतीय मूर्तीचं घर’ असंच म्हणतात. शोध लागला तेव्हा तिला लक्ष्मी ठरवलं गेलं आणि ते नाव चिकटलं; पुढच्या अभ्यासकांना ती यक्षी वाटते. तिच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे. म्हणजे ती एकटी उभी राहण्यासाठी घडवलेली नव्हती; आरशाची मूठ असेल, नाहीतर एखाद्या चौरंगाचा पाय. तेरची बाई आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला 1973च्या उत्खननात सापडलेला हस्तिदंती तुकडा यांच्याशी तिचं साम्य इतकं आहे की तिचं माहेर मराठवाड्यात असावं, असं अनेक जाणकारांना वाटत आलं. काहींना ते पटत नाही. तिच्या पायाशी खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. म्हणून ते अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या हस्तिदंती कामाकडे बोट दाखवतात. माहेराचा हा वाद मिटलेला नाही. पण माहेर तेर असो, भोकरदन असो की बेग्राम, तिला समुद्रावर जायचं तर भडोचच्या धक्क्यावर यावं लागलं असणार, हे बहुधा दोन्ही बाजूंना मान्य व्हावं. वायव्येचा मालही उज्जैनवरून त्याच बंदरात उतरत होता, आणि तिथून जहाजावर चढणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत होता.

नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ती ‘गुप्त दालना’त आहे. पॉम्पेई आणि हर्क्युलेनियमच्या राखेतून निघालेल्या कामविषयक वस्तू बाजूला काढून हे दालन झालं. तिथे जायला पिढ्यान्‌पिढ्या परवानगी लागत होती. सर्वांसाठी ते खुलं झालं 2000 साली.

बाई गं, तुला कुठल्या खोलीत नेऊन उभं केलं!

जिथे तू घडलीस तिथे उघडं अंग आणि भरगच्च दागिने यांचा अर्थ भरभराट असा होता. तुझ्यासारख्याच बाया सांचीच्या तोरणावर झाडाची फांदी धरून उभ्या आहेत. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी स्त्रीपुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत आणि त्यांच्या पायाशी भिक्षू रोज ये-जा करत. कुणाला त्यांच्यावर पडदा टाकावासा वाटला नाही. तू मंगल होतीस. तुला लज्जेच्या दालनात ठेवणं हा तुझ्यावरचा अन्याय आहे, आणि तो फक्त तुझ्यापुरता नाही. त्या दालनात तुझ्याभोवती सगळं आहे, फक्त तू आलीस ती वाट नाही.

माझं दुःख त्या वाटेचं आहे.

जगाच्या व्यापाराची दालनं बहुतेक एकाच रीतीने मांडलेली असतात. काचेच्या कपाटात नाणी, मद्याच्या रांजणाचा कान, दोन-चार मणी, आणि मागच्या भिंतीवर एक मोठा नकाशा. नकाशावर भडोचहून एक लाल रेघ निघते, अरबी समुद्र ओलांडते, तांबड्या समुद्रात शिरते आणि अलेक्झांड्रियाशी थांबते. तिच्या टोकाला बाण असतो. पाहणारा त्या रेघेवरून नजर फिरवतो आणि पुढे जातो. तीन सेकंदांत दोन खंड जोडले जातात. त्या रेघेवर कुणी चालत नाही. कुणाला तहान लागत नाही. बैलाचा खूर दुखत नाही. व्यापार म्हणजे वस्तू नव्हे, व्यापार म्हणजे मधलं अंतर. आणि संग्रहालयात येताना नेमकं तेच गळून पडतं. वस्तू उरते, दिवस जातात.

दिवस कुणी मोजले होते का? एकाने मोजले होते. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने भारतापर्यंतच्या किनाऱ्यांची एक वही लिहिली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते. त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. सोपारा, कल्याण, चौल ही आपली बंदरं त्याच्या कानाला जशी ऐकू आली तशी त्याने लिहिली. मग किनारा सोडून आत नजर टाकून तो सांगतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे. पैठणहून अकीकाचे दगड येतात, तगरहून पुष्कळ साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. आणि हे सारं गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून येतं. हे तगर कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी बरीच गावं सुचवली. 1901मध्ये फ्लीट या अभ्यासकाने ते तेर असल्याचं दाखवून दिलं.

दहा दिवस. मी नकाशावर अंतर काढून पाहिलं. पैठण आणि तेर यांच्यात सरळ रेषेत दीडशे किलोमीटर आहेत, म्हणजे दिवसाला पाच कोस. भरल्या गाडीला बैल तेवढंच ओढतात. त्या अनाम व्यापाऱ्याचा हिशेब आपल्या बैलांच्या पावलांशी जुळतो, हे पाहिलं तेव्हा त्या वहीवर माझा विश्वास बसला.

पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी निघत नाही. चाक आसापर्यंत रुततं. म्हणजे तेरच्या गाड्या पाऊस उघडल्यावर, आश्विन-कार्तिकात जुंपल्या असतील. तेव्हा ज्वारी हिरवी असते, पहाटे दहिवर पडतं, जुवाखालच्या मानेवर वाफ दिसते. तेर सोडल्यावर पहिली मोठी नदी मांजरा. मग बालाघाटाचे चढउतार, तिथे दोन गाड्यांचे बैल एका गाडीला लावून एकेक गाडी वर घ्यायची, खाली येताना चाकाला अडणी घालून उतरवायची. मग सिंदफणा. शेवटी गोदावरी, आणि पलीकडे पैठण. प्रत्येक नदीला उतार शोधायचा, पाण्याला ओढ किती ते पाहायचं, मलमलीचे गठ्ठे भिजू द्यायचे नाहीत. प्रत्येक मुक्कामाला तीन दगडांची चूल. बैलांना वैरण, आसाला वंगण, माणसांना भाकरी. रात्री एकाने जागायचं. अशा दहा रात्री. ही चूल कुठल्या कपाटात ठेवणार? चूल विझली की राख वाऱ्यावर जाते, दगड तिथेच राहतात आणि पुन्हा नुसते दगड होतात. व्हेसुव्हियसच्या राखेने जे जपलं ते आपल्या वाटेवरच्या राखेला जपता आलं नाही.

पैठणला अर्धी वाटही झालेली नसे. तिथून भडोच वीस दिवस. एवढं चालून गाडीवान परत फिरत असेल आणि ज्या समुद्रासाठी हा सगळा माल वाहिला त्याचं खुल्या पाण्याचं दर्शनही त्याला होत नसेल, कारण भडोच नर्मदेच्या मुखापासून आत आहे.

त्या मुखाबद्दल पेरिप्लसचा कर्ता वेगळ्याच आवाजात बोलतो. तिथली भरती त्याने पाहिली असावी. पाणी एकदम चढतं, लढाईच्या गलबल्यासारखा आवाज करत नदीत घुसतं, गाळात टेकलेलं जहाज कलंडून फुटतं. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठाल्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजांना वल्ही मारत, दोर लावून, भरतीबरोबर चालवत आणि ओहोटीला ठरलेल्या खोल डोहात नांगरून ठेवत, एक-एक टप्पा करत बंदरात आणत. त्या होड्यांच्या जातींची नावं, त्रप्पग आणि कोटुम्ब, वहीत टिकली. कोळ्यांची नावं टिकली नाहीत. जगाचा व्यापार भडोचला येत होता तो त्या माणसांच्या अंगातल्या पाण्याच्या ओळखीवर. ती ओळख बापाने मुलाला नावेत बसवून दिली आणि तिची एकही खूण खोदून निघणार नाही.

पुढचे दिवस प्लिनी या रोमन ग्रंथकाराने मोजले आहेत, ते जाण्याच्या बाजूने. नाईलमधून वर कॉप्टॉसपर्यंत बारा दिवस. तिथून उंटांवर बेरेनिके बंदरापर्यंत बारा दिवस, तेही बहुतेक रात्रीच चालायचं, कारण दिवसा ऊन सोसवत नाही; दिवस विहिरींच्या ठाण्यांवर पडून काढायचा. मग तांबडा समुद्र. त्याच्या तोंडाशी असलेल्या ओकेलिसहून नैर्ऋत्येचा पाऊसवारा पाठीशी घेऊन मुझिरिसला, केरळच्या किनाऱ्यावर, चाळीस दिवस. परत फिरायला पुसापर्यंत थांबायचं, ईशान्येचा वारा सुटेपर्यंत. आपल्याकडे गाडीवान पाऊस उघडायची वाट पाहत होता आणि तिकडे तांडेल वारा फिरायची. या व्यापाराचा अर्धा भाग चालण्याचा होता आणि अर्धा निव्वळ थांबण्याचा. थांबणं तर कपाटात मुळीच मावत नाही.

बेरेनिकेच्या वाळूत एका देवळाच्या आवारात भारतीय घडणीचा मोठा रांजण निघाला, साडेसात किलो काळ्या मिऱ्यांनी भरलेला. तिथल्या इमारतींत आपल्याकडचं सागवान आढळलं. जहाजं मोडली तेव्हा त्यांचं लाकूड वाळवंटात घरांना वापरलं गेलं असावं. मला त्या मिऱ्यांपेक्षा सागाची तुळई अधिक रडवते. मिरी विकायलाच निघाली होती. सागाला परत यायचं होतं.

याच प्लिनीने हिशेब मांडून तक्रार केली की हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्याचे किमान पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि तिकडचा माल इथे मूळ किमतीच्या शंभरपट भावाने विकला जातो. व्यापाराच्या दालनांत हे वाक्य हमखास लावलेलं असतं. त्यातले शंभर पट कुणाला मिळाले हे पाहावं. तेरच्या विणकराला नाही, गाडीवानाला नाही, भडोचच्या कोळ्याला नाही. प्लिनी इ.स. 79मध्ये व्हेसुव्हियसच्याच उद्रेकात मेला. ज्याने या वाटेचे दिवस मोजले तो आणि त्या वाटेने आलेली ही बाई, दोघांचा शेवट नेपल्सच्या एकाच उपसागराच्या काठी, एकाच आपत्तीत झाला. त्याचा ग्रंथ उरला, तिचं अंग उरलं.

तिचं अंग म्हणते खरी, पण ते आधी दुसऱ्याच कुणाचं होतं. एका हत्तीचं होतं. तो कुठल्या रानात चरत होता, पडला की पाडला गेला, हे कुठल्याच पाटीवर नसतं. त्या सुळ्यावर बसून ज्याने तिच्या वाळ्यांचे वेढे कोरले त्याचंही नाव नाही. हस्तिदंताच्या कारागिरांनी एका ठिकाणी मात्र आपली ओळख कोरून ठेवली आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर, तिथलं कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केलं, अशी नोंद आहे. तिथेही एकट्याचं नाव नाही, सगळ्यांचं मिळून आहे. दगडावर त्यांनी सही केली. हस्तिदंतावर सहीला जागा नव्हती.

उलट्या दिशेने आलेलाही एक जण आपल्याकडे आहे. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात ब्राँझची एक लहानशी मूर्ती सापडली, समुद्राचा ग्रीक देव पोसायडन. टाउन हॉलच्या संग्रहालयात तो आहे. समुद्राचा देव सह्याद्री चढून नदीकाठी येतो आणि तिथेच राहतो. कुठल्या घाटाने तो चढला? कुणाच्या पाठीवरून? त्याच्याभोवतीही काच आहे, घाट नाही.

मला ठाऊक असलेल्यांत एकच जागा अशी आहे जिथे वस्तू गेल्या आणि वाट राहिली. नाणेघाट. कल्याणकडून जुन्नरला चढणारी ती दगडी नाळ अजून पायाखाली आहे. वर गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणांची मोठी यादी त्यात आहे. राजघराण्याच्या मूर्ती तिथे होत्या, आता भिंतीवर त्यांची नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. घाटमाथ्यावर दगडाचा रांजण आहे, जकातीचा म्हणून लोक दाखवतात. पुढे जुन्नरच्या लेण्यांत यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या, दात्यांचे लेख आहेत आणि धान्यविक्ये, कासार, बुरूड यांच्या श्रेणींचेही. मी तो घाट चढले तेव्हा काही पायऱ्यांचे दगड मधोमध खोलगट झालेले दिसले, जुन्या वाड्याच्या उंबऱ्यासारखे. मी त्या खोलगट भागात पाऊल ठेवलं. ते बरोबर बसलं. दोन हजार वर्षांत माझ्याआधी किती पावलं तिथे पडली असतील! व्यापाराचं याहून खरं दालन मी पाहिलेलं नाही. तिथे पाटी नाही, दिवा नाही, आणि सुट्टीच्या दिवशी बाटल्यांचा खच पडलेला असतो. लेखाच्या भिंतीजवळ कुणी आपलं नाव खरवडलेलं पाहून मी खाली बसले आणि मला बराच वेळ उठवेना.

तेरहून निघताना मी पुन्हा त्या छोट्या बाईपाशी गेले. ही घरी राहिली. हिने वाट पाहिली नाही, समुद्र पाहिला नाही, कुणी हिला गुप्त दालनात ठेवलं नाही. त्या दोघी एकमेकींसमोर कधी येतील असं मला वाटत नाही, आणि यावं अशी माझी मागणीही नाही. वस्तूंनी घरी परत यावं यासाठी जगभर भांडणं चालली आहेत, त्यातली पुष्कळ न्यायाची आहेत. पण नेपल्सची बाई लुटून नेलेली नाही. ती विकली गेली, वाहून नेली गेली, कुणाच्या तरी घरात मानाने उभी राहिली. तिला परत नको आणायला. तिची वाट तिला परत द्यायला हवी.

म्हणून तेर, कोल्हापूर, नेपल्स, जिथे जिथे अशा वस्तू काचेआड आहेत तिथल्या पाट्या लिहिणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. शतक लिहा, धातू लिहा, उंची लिहा. आणि त्याखाली तेवढ्याच ठळक अक्षरांत दिवस लिहा. तेर ते पैठण, दहा दिवस, बैलगाडीने. पैठण ते भडोच, वीस दिवस, रस्ता नाही. मग वारा फिरेपर्यंत मुक्काम.